गाडीखाली ऑइलचा डाग दिसतोय? गळती शोधायची कशी आणि बंद करायची कशी

सकाळी गाडी काढली आणि रात्रभर ती जिथं उभी होती तिथं काळपट ओला डाग दिसला की पहिल्यांदाच गाडी घेतलेल्या माणसाच्या पोटात गोळा येतो. इंजिन गेलं का, मोठं काम निघणार का, आज गाडी न्यावी की नको, सगळं एकदम डोक्यात येतं. तर आधी हे सांगतो की ऑइल गळतंय म्हणजे इंजिन गेलं असं नसतं, बहुतेक वेळा एखादं रबरी पॅकिंग कडक झालेलं असतं नाहीतर ड्रेन नटचा वॉशर दबलेला असतो, आणि अशी बरीच कामं थोडा धीर धरला तर घरीसुद्धा होतात. खरी मेख शोधण्यात आहे. डाग जिथं पडतो त्याच्या बरोबर वर गळती असेलच असं नाही, कारण ऑइल इंजिनाच्या अंगावरून ओघळत, बोल्टाच्या डोक्यांवरून वळत, कुठल्यातरी कडेला जमून मग खाली पडतं.

माझ्या पहिल्या गाडीचं चेंबर (म्हणजे इंजिनाखालची ऑइलची टाकी) कायम ओलं असायचं. एका गॅरेजमध्ये चेंबरचं पॅकिंग बदलून घेतलं, महिन्याभरात परत तेच. परत बदललं, परत तेच. शेवटी एका जुन्या जाणत्या मेकॅनिककाकांनी काहीच न उघडता आधी इंजिन स्वच्छ धुतलं, गाडी वीसेक मिनिटं चालवून आणायला सांगितली आणि मग टॉर्च घेऊन हेडच्या (म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाच्या) मागच्या बाजूला बोट घातलं, बोट ओलं. वरच्या टॅपेट कव्हरच्या (म्हणजे हेडवरच्या झाकणाच्या) मागच्या कोपऱ्यातून ऑइल झिरपत होतं आणि ब्लॉकच्या (इंजिनाच्या मधल्या मुख्य भागाच्या) पाठीवरून उतरून चेंबरच्या कडेला येऊन थांबत होतं. चेंबरचं पॅकिंग पहिल्या दिवसापासून चांगलंच होतं. तेव्हापासून मी धुतल्याशिवाय कुठलंच पॅकिंग बदलत नाही आणि तुम्हीही बदलू नका असं अगदी कळकळीनं सांगतो.

पहिली पायरी : हे ऑइलच आहे ना ते बघा

गाडीत ऑइलशिवाय बरेच द्रव असतात. रात्री गाडी सपाट जागी लावा आणि इंजिनाखाली एक मोठा पुठ्ठा सरकवा, त्यावर पेननं पुढच्या चाकांच्या जागा आणि गाडीचं तोंड कुठं आहे ते लिहून ठेवा. सकाळी पुठ्ठा बाहेर काढला की थेंब कुठल्या बाजूला आणि किती पडलेत हे कायमचं नोंदलं जातं. गाडी उतारावर लावलेली असेल तर थेंबाची जागा बदलते, म्हणून सपाट जागा.

आता रंग आणि स्पर्श. इंजिन ऑइल बोटांत घेतलं की गुळगुळीत लागतं, नवं असताना मधासारखा रंग आणि जुनं झालं की तपकिरी ते काळं (डिझेल गाडीत तर बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं होतं, त्यानं घाबरू नका). कूलंट पाण्यासारखं पातळ, हिरवं, गुलाबी किंवा नारिंगी आणि वासाला गोडसर. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल बहुतेक गाड्यांत लाल. मॅन्युअल गिअरबॉक्सचं दाट आणि त्याला गंधकासारखा उग्र वास. उन्हाळ्यात एसी लावल्यावर गाडीखाली पडतं ते नुसतं पाणी, पुठ्ठ्यावर वाळून जातं, ते सोडून द्या. आणि चाकाच्या आतल्या बाजूला किंवा ब्रेक पॅडलच्या आसपास पिवळसर पातळ बुळबुळीत काही दिसलं तर ते ब्रेक ऑइल असू शकतं, अशा वेळी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डब्याची लेव्हल बघा आणि कमी असेल तर गाडी अजिबात हलवू नका. ऑइलगळतीत एकवेळ दोन दिवस थांबता येतं, ब्रेकच्या बाबतीत नाही.

दुसरी पायरी : लेव्हल बघा आणि लिहून ठेवा

हे काम सगळ्यात सोपं आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं झालेली, मग ऑइलची पट्टी बाहेर काढा, स्वच्छ फडक्यानं पुसा, परत पूर्ण आत घाला आणि पुन्हा काढून बघा. पट्टीवर खाली किमान आणि वर कमाल अशा दोन खुणा असतात, बऱ्याच गाड्यांत या दोन खुणांमध्ये साधारण १ लिटरचा फरक असतो. इंजिन गरम असताना बघायचं की थंड असताना हे गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, त्याप्रमाणेच करा आणि दरवेळी एकाच पद्धतीनं करा.

तारीख, किलोमीटर आणि लेव्हल, एवढं तीन रकान्यांत लिहा. आठवड्यानं परत. लेव्हल उतरतेय पण पुठ्ठा कोरडा असेल तर ऑइल बाहेर न गळता इंजिनात जळत असण्याची शक्यता जास्त, मग सायलेन्सरमधून निळसर धूर येतोय का बघा, विशेषतः सकाळी पहिल्यांदा चालू करताना किंवा लांब उतार उतरून परत अॅक्सिलरेटर दाबताना. ते काम वेगळं आहे, तिथं पॅकिंग बदलून काही होत नाही. आणि ऑइल पट्टीवर दुधाळ, फेसाळ दिसायला लागलं तर कूलंट ऑइलमध्ये मिसळत असू शकतं, तेव्हा गाडी थेट मेकॅनिककडे, शक्यतो टो करून. फक्त टोपणाच्या आतल्या बाजूला थोडा पिवळट मळ असेल आणि गाडी थंडीत रोज दोन-चार किलोमीटरच चालत असेल तर ती नुसती वाफ जमलेली असते, लांब चालवल्यावर जाते.

एक गोष्ट मात्र पाठ करा. चालवताना ऑइल प्रेशरचा लाल दिवा (किटलीसारखं चित्र आणि एक थेंब) लागला तर गाडी लगेच सुरक्षितपणे बाजूला घेऊन इंजिन बंद करायचं. पुढच्या चौकापर्यंत जाऊ, घर जवळच आहे, असलं काही नाही. तो दिवा म्हणजे आत बेअरिंगना ऑइल पोचत नाहीये आणि अशा वेळी इंजिन काही मिनिटांतसुद्धा कायमचं खराब होऊ शकतं.

लेव्हल किमानच्या खाली असेल तर आधी पुस्तकात दिलेल्या ग्रेडचंच ऑइल थोडं थोडं टाका, दरवेळी पट्टी बघत. कमालच्या वर भरू नका, जास्त झालं तर क्रँक (पिस्टनांच्या जोरावर फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) ऑइलमध्ये आपटतो, फेस होतो, आतला दाब वाढतो आणि उलट गळतीच वाढते.

किती गंभीर आहे ते ठरवा

नुसती ओल आहे, म्हणजे पॅकिंगच्या कडेला धूळ चिकटून काळा थर झालाय पण खाली थेंब नाही, तर तातडी नाही, दर पंधरा दिवसांनी बघत राहा आणि पुढच्या सर्व्हिसिंगला काम करून घ्या. रात्रीत दोन-चार थेंब पडत असतील तर येत्या काही दिवसांत शोधून काढा. इंजिन चालू असताना थेंबामागून थेंब किंवा धार लागलेली दिसली तर गाडी बंद, तिथल्या तिथं.

याच्याही वर एक गोष्ट आहे आणि ती म्हणजे ऑइल कशावर पडतंय. सायलेन्सरच्या गरम पाइपवर पडत असेल तर बॉनेटमधून जळका वास आणि निळा-पांढरा धूर येतो, आणि ऑइल जास्त असेल तर आग लागू शकते. टायमिंग बेल्टवर (व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखणारा पट्टा) पडत असेल तर रबर फुगून बेल्ट लवकर खराब होतो, आणि हा बेल्ट तुटला तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. अल्टरनेटरवर (बॅटरी चार्ज करणारं यंत्र) पडलं तर तो जातो, क्लच प्लेटवर गेलं तर क्लच घसरायला लागतो. म्हणून थेंब लहान आहे एवढ्यावरून काही ठरवू नका.

तिसरी पायरी : धुवा

ही पायरी गाळायची नाही. जुन्या ऑइलवर धूळ बसून जो चिकट काळा थर झालेला असतो त्यात नवी गळती दिसतच नाही. इंजिन पूर्ण थंड असू द्या. बॅटरीचा निगेटिव्ह काढा, अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स, इग्निशन कॉइल (स्पार्क प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी) आणि एअर फिल्टरचं तोंड प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी नीट झाका. मग इंजिन डीग्रीझर मारा, डब्यावर लिहिलंय तेवढी मिनिटं ठेवा, ब्रशनं घासा आणि हलक्या धारेनं धुवा. प्रेशर वॉशर जवळून मारू नका, पाणी कनेक्टरमध्ये घुसलं की इंजिन मिसफायर करायला लागतं आणि ती वेगळीच डोकेदुखी. पेट्रोलनं इंजिन धुतात काहीजण, ते कृपया करू नका, एक ठिणगी पुरते. फक्त एकाच कोपऱ्याचा संशय असेल तर सगळं इंजिन भिजवायची गरज नाही, ब्रेक क्लीनरचा स्प्रे आणि फडकं घेऊन तेवढा भाग लख्ख केला तरी चालतं.

इंजिनाखाली प्लॅस्टिकचा पत्रा असेल तर तो काढून तोही धुवा. या पत्र्यावर ऑइल साठतं आणि गळती बंद केल्यावरसुद्धा पुढे कितीतरी दिवस ते टपकत राहतं, मग माणसाला वाटतं काम फुकट गेलं. तसंच नुकतंच ऑइल फिल्टर बदललं असेल तर त्या वेळी सांडलेलं ऑइलसुद्धा खाली टपकत असतं, पुसून घेऊन दोन दिवस वाट बघा, कदाचित गळती नसेलच.

गाडीखाली जायचं असेल तर जमीन सपाट आणि कडक हवी, हँडब्रेक लावलेला, मागच्या चाकांना पुढून-मागून अडण, आणि जॅकनं उचलल्यावर गाडी जॅक स्टँडवर टेकवलेली. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका. स्टँडवर ठेवल्यावर आधी गाडी जोरात हलवून बघायची, मगच खाली जायचं.

चौथी पायरी : वरून खाली शोधा

सगळं वाळलं की लेव्हल बघून गाडी १५-२० मिनिटं चालवा, परत येऊन इंजिन बंद करा आणि टॉर्च घेऊन वरून सुरुवात करा. ऑइल खाली उतरतं आणि चालत्या गाडीत वाऱ्यानं मागे जातं, त्यामुळे नियम सोपा आहे, ओला असलेला सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा भाग शोधायचा. त्याच्या खालचं-मागचं सगळं ओघळलेलं समजायचं. डोळा जात नाही तिथं छोटा आरसा किंवा मोबाइलचा कॅमेरा फ्लॅश लावून घाला. बोट घालायचं असेल तर इंजिन निवल्यावर, आणि चालू इंजिनात बेल्ट-पंख्याजवळ हात अजिबात नको, पंखा तर इंजिन बंद असतानाही अचानक चालू होऊ शकतो.

एवढ्यानं सापडलं नाही तर दोन उपाय. एक, संशयाच्या जागी बारीक पावडर (टाल्क) फवारा आणि परत गाडी फिरवून आणा, पांढऱ्यावर ऑइलची काळपट रेघ लगेच उमटते. दुसरा उपाय जास्त खात्रीचा, ऑइलमध्ये टाकायचा यूव्ही डाय (अतिनील प्रकाशात चमकणारा रंग) मिळतो, बाटलीवर लिहिलंय तेवढाच टाकायचा, गाडी थोडी चालवायची आणि अंधारात यूव्ही टॉर्च मारायचा. जिथून ऑइल बाहेर येतंय ती जागा हिरवट-पिवळी चमकते. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा केसाएवढी बारीक चमकती रेघ प्रेशर स्विचच्या (ऑइलचा दाब कमी झाला की लाल दिवा लावणारा) मुळापासून निघून फिल्टरवर उतरताना दिसली, त्या फिल्टरला दोन महिने दोष दिला जात होता.

कुठं कुठं बघायचं

वर टॅपेट कव्हरचं पॅकिंग, हे सगळ्यात जास्त वेळा सापडणारं. त्याच पॅकिंगसोबत स्पार्क प्लगच्या विहिरींचे सील असतात, ते गेले की ऑइल बाहेर न येता प्लगभोवती साठतं आणि गाडी झटके खाते, कॉइल उचलली की तिचं रबर ऑइलनं माखलेलं दिसतं. ऑइल भरायच्या टोपणाचं रबर आणि पट्टीच्या नळीची ओ-रिंग (गोल रबरी रिंग) बघा, दोन्ही पाच मिनिटांची कामं आहेत. कॅम सेन्सरच्या ओ-रिंगमधूनही झिरपतं.

मधल्या भागात ऑइल फिल्टर, तो ज्यावर बसतो त्या हाउसिंगचं पॅकिंग, असेल तर ऑइल कूलर, आणि ऑइल प्रेशर स्विच. स्विचचा कनेक्टर काढल्यावर आत ऑइल दिसलं तर प्रश्नच मिटला, स्विच बदला. टर्बो असलेल्या गाडीत टर्बोला ऑइल नेणारा आणि परत आणणारा पाइप, त्यांचे वॉशर.

बेल्टच्या बाजूला क्रँक पुलीमागचं सील. इथली खूण वेगळी, पुली फिरताना ऑइल उडवते त्यामुळे आजूबाजूला गोलाकार शिंतोडे दिसतात. त्याच बाजूला टायमिंग कव्हरचा सांधा.

खाली ड्रेन नट, चेंबरचं पॅकिंग, आणि चेंबरला दगड लागून पडलेली चीर. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथं जोडलेत तिथून खाली थेंब पडत असेल तर सगळे एकदम मागचं क्रँक सील गेलं म्हणतात, आणि ते काम म्हणजे गिअरबॉक्स उतरवणं. तो निर्णय घ्यायच्या आधी टॅपेट कव्हरचा मागचा कोपरा दोनदा तपासा, कारण तिथलं ऑइल उतरून बरोबर याच जागी येतं. थेंबाचा वासही घ्या, गंधकाचा वास असेल तर गिअरबॉक्सचं सील.

सील बदलण्याआधी दाब तपासा

हे खूप जण विसरतात. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा गॅस नेहमीच खाली क्रँककेसमध्ये (जिथं क्रँक फिरतो त्या पोकळीत) उतरतो आणि तो पीसीव्ही व्हॉल्व्हमधून परत इंजिनात ओढून जाळला जातो. हा व्हॉल्व्ह किंवा त्याचा पाइप मळानं चोंदला की आत दाब साठतो आणि तो दाब जिथं पॅकिंग सगळ्यात कमजोर असेल तिथून ऑइल बाहेर ढकलतो. एकाच वेळी तीन-चार ठिकाणी ओल आहे, किंवा नवं पॅकिंग टाकून पंधरा दिवसांत परत गळायला लागलं, तर पहिला संशय इथंच घ्या.

तपासणी साधी आहे. इंजिन आयडलवर (अॅक्सिलरेटर न दाबता नुसतं चालू) असताना ऑइलचं टोपण सावकाश काढा (काही इंजिनांत थोडे शिंतोडे उडतात, फडकं जवळ ठेवा) आणि तोंडावर पातळ रबरी हातमोजा ताणून धरा. मोजा आत ओढला जातोय किंवा जेमतेम हलतोय तर ठीक. फुग्यासारखा वर फुगतोय तर दाब आहे. मग आधी व्हॉल्व्ह काढून बघा. साध्या प्रकारचा व्हॉल्व्ह हलवल्यावर खुळखुळला पाहिजे, खुळखुळत नसेल तर बदला, पाइपही आतून साफ करा. नव्या व्हॉल्व्हनंतरही मोजा फुगत असेल तर रिंगा झिजल्याची शक्यता आहे आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासून घ्यायला हवं.

पाचवी पायरी : दुरुस्ती

सोप्यापासून सुरू करू. ड्रेन नटमधून गळत असेल तर पहिली चूक म्हणजे तो अजून आवळणं. चेंबर बऱ्याचदा अॅल्युमिनियमचं असतं, जास्त आवळला की आटे जातात आणि वॉशरच्या कामाचं चेंबर बदलायचं काम होतं. तांब्याचा किंवा अॅल्युमिनियमचा वॉशर एकदा दबला की परत नीट सील करत नाही, म्हणून पुढच्या वेळी ऑइल काढाल तेव्हा नवा टाका. नट आधी हातानं फिरवून आटे सरळ बसलेत याची खात्री करा, मग टॉर्क पान्यानं (ठरावीक जोरानंच आवळायचा पाना) पुस्तकात दिलेला आकडा, बऱ्याच गाड्यांत तो २५ ते ४० न्यूटन मीटरच्या दरम्यान असतो.

फिल्टरमधून गळत असेल तर जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिलीये का ते बघा, राहिली आणि तिच्यावर नवा फिल्टर बसवला तर दोन रिंगा एकमेकींवर घसरतात आणि इंजिन चालू केल्यावर दाबानं ऑइल फवाऱ्यासारखं बाहेर येतं. नव्या रिंगला बोटानं स्वच्छ ऑइल लावा, हातानं फिरवत रिंग टेकली की पुढे साधारण पाऊण फेरा, तोही हातानंच. फिल्टर आवळायला पाना नको, काढायला लागला तर ठीक. कागदी फिल्टर टोपणात बसवायचा असेल तर टोपणाची ओ-रिंग दरवेळी नवी, आणि टॉर्कचा आकडा बऱ्याचदा टोपणावरच लिहिलेला असतो.

आता टॅपेट कव्हर, हे जरा निगुतीनं सांगतो कारण नवख्या माणसानं करावं असं हेच मुख्य काम आहे. इंजिन थंड, बॅटरीचा निगेटिव्ह काढलेला. उघडायच्या आधी चार बाजूंनी फोटो काढा, कुठली वायर कुठून गेलीये ते नंतर आठवत नाही. वरचं प्लॅस्टिक काढा, कॉइलचे कनेक्टर काढताना लॉक दाबून हळू ओढा कारण जुनं प्लॅस्टिक उष्णतेनं ठिसूळ झालेलं असतं. कॉइल बाहेर काढा आणि क्रमानं ठेवा. प्लग मात्र जागेवरच राहू द्या, विहिरीत ऑइल साठलं असेल तर ते फडक्यानं किंवा सिरिंजनं आधी पूर्ण शोषून घ्या, नाहीतर प्लग काढल्यावर ते सिलिंडरमध्ये उतरतं. ब्रीदरचा पाइप (आतला गॅस बाहेर नेणारा) सोडवा. कव्हरच्या कडेची धूळ ब्रशनं झाडून घ्या.

बोल्ट बाहेरून आतल्या दिशेला, आलटून पालटून, थोडे थोडे सैल करा. कव्हर चिकटलेलं असेल तर तळहातानं किंवा रबरी हातोडीनं बाजूनं ठोका. पेचकस घालून उचकटू नका, अॅल्युमिनियमवर एक ओरखडा पडला की नवं पॅकिंगही तिथून गळतं. कव्हर निघालं की खाचेतून जुनं पॅकिंग काढा आणि ते एकदा हातात घेऊन वाकवून बघा. नवं पॅकिंग बोटाभोवती गुंडाळता येतं, जुनं वाळलेल्या काटकीसारखं कट्कन मोडतं आणि आत भुरकट चकाकी दिसते. खालून बघितलं तर ज्या बाजूनं ते दबलेलं होतं ती बाजू पार सपाट झालेली असते, फुगून जागा भरायची ताकदच त्यात उरलेली नसते. गळती का होत होती हे त्या तुकड्यातच दिसतं.

आता स्वच्छता, आणि इथं जेवढा वेळ द्याल तेवढं काम टिकेल. कव्हरची खाच पूर्ण रिकामी करा. हेडचा सपाट काठ प्लॅस्टिकच्या खरवडणीनं आणि ब्रेक क्लीनरनं ओल्या केलेल्या फडक्यानं पुसा, स्प्रे थेट आत मारू नका आणि खरवडलेला एकही कण आत पडू देऊ नका. टायमिंग कव्हर आणि हेड जिथं भेटतात त्या दोन सांध्यांवर आधी सिलिकॉन लावलेलं दिसेल, ते काढून तिथं नव्या सिलिकॉनचा तीन-चार मिलिमीटरचा ठिपका लावा. फक्त तिथंच. पूर्ण पॅकिंगवर सिलिकॉन फासायचं नाही, आतल्या बाजूला दाबून बाहेर आलेले तुकडे सुटतात, चेंबरमधल्या जाळीवर जाऊन बसतात आणि पंपाला ऑइल मिळेनासं होतं.

नवं पॅकिंग खाचेत कोरडंच बसवा, सगळीकडे बोटानं दाबत न्या, प्लगच्या विहिरींचे सीलही नवे टाका. कव्हर सरळ वरून खाली ठेवा आणि मागच्या कोपऱ्यात आरसा घालून पॅकिंग खाचेतून निसटलं नाही ना ते बघा, बहुतेक वेळा निसटतं ते तिथंच. सगळे बोल्ट आधी हातानं, मग मधून बाहेरच्या दिशेनं दोन फेऱ्यांत टॉर्क पान्यानं. इथला टॉर्क फार कमी असतो, बऱ्याच गाड्यांत ८ ते १२ न्यूटन मीटर, म्हणजे मनगटाचा हलका जोर. हाताला कमी वाटलं तरी त्याच्यापुढे जाऊ नका, जास्त आवळलं तर कव्हर वाकतं किंवा तडकतं. सिलिकॉन लावलंय तर ट्यूबवर लिहिलंय तेवढा वेळ गाडी चालू करू नका, पूर्ण वाळायला साधारण २४ तास लागतात.

स्विच बदलताना नव्या स्विचसोबत वॉशर येतो किंवा आट्यांवर सीलंट लावलेलं येतं, तो तसाच वापरा आणि बेतानं आवळा.

काय घरी करू नये

मागचं क्रँक सील, टायमिंग कव्हर, हेड गॅस्केट आणि टायमिंग बेल्ट काढावा लागणारी सीलं ही कामं अनुभवी माणसाकडेच द्या. तिथं टायमिंग एका दातानं जरी चुकलं तरी इंजिनाचं मोठं नुकसान होऊ शकतं. पण मेकॅनिककडे जाताना तुमचा पुठ्ठा, वहीतल्या नोंदी आणि धुतल्यानंतरचे फोटो घेऊन जा, आणि इंजिन उघडायच्या आधी गळती नेमकी कुठून आहे ते मला दाखवा असं स्पष्ट सांगा. चांगला मेकॅनिक हे आनंदानं दाखवतो.

गळती थांबवणारी जी औषधं ऑइलमध्ये टाकायला मिळतात ती रबर थोडं मऊ करून फुगवतात. जुन्या गाडीत नुसती ओल असेल तर काही काळ फरक पडतो, पण फाटलेलं पॅकिंग, सैल नट किंवा चोंदलेला व्हॉल्व्ह त्यानं दुरुस्त होत नाही. मी तो उपाय सुचवणार नाही. तसंच गळतंय म्हणून मनानंच दाट ग्रेडचं ऑइल टाकणंही नको, आजकालच्या इंजिनांत ऑइलच्या वाटा बारीक असतात आणि थंडीत सुरू करताना दाट ऑइल वर पोचायला वेळ लागतो.

काम झाल्यावर

लेव्हल बघा, इंजिन चालू करा, लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. दहा मिनिटं आयडलवर ठेवून टॉर्चनं बघा, मग वीस मिनिटं चालवून परत बघा. हेडच्या मागचा कोपरा कोरड्या पांढऱ्या कागदानं टिपून घ्या, कागद कोरडा निघाला पाहिजे. रात्री नवा पुठ्ठा, त्यावर तारीख. पुढचा आठवडाभर रोज सकाळी पट्टी, मग महिन्यातून दोनदा.

हातमोजे पूर्णवेळ घाला, वापरलेलं ऑइल वारंवार कातडीला लागणं घातक असतं, ते ऑइल पडलेले कपडेही अंगावर ठेवू नका. काढलेलं ऑइल आणि जुना फिल्टर गटारात, मातीत किंवा कचऱ्यात टाकू नका, झाकणाच्या डब्यात भरून जिथं वापरलेलं ऑइल पुनर्प्रक्रियेसाठी घेतात तिथं द्या. फिल्टर आधी रात्रभर उलटा ठेवून निथळून घ्यायचा, त्यात बरंच ऑइल राहिलेलं असतं. आणि जमिनीवर सांडलेल्या ऑइलवर लाकडाचा भुसा किंवा कोरडी माती पसरून ती शोषू द्या, झाडून घेऊन तीही त्याच डब्यासोबत द्या, म्हणजे पुढच्या वेळी पुठ्ठ्याबाहेर डाग दिसला तर तो नवा की जुना हा घोळ होणार नाही.